एकशे बारा शब्द जास्त

चोडणच्या फेरीधक्क्यापाशी माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
आणि मे महिना लागला की कॉलेजचे अर्ज.
टायपिंगचे पानाला वीस रुपये.
निबंध सुचवायचे मी वेगळे घेत नाही.

निबंध माझ्या बोटांना पाठ आहेत.
'लहानपणापासूनच मला' इथून निघतात,
वाटेत एक आजारपण, एक बक्षीस,
आणि उतरतात देशसेवेला.
गेल्या वर्षी चार मुलांनी एकच आजोबा मारला,
त्याच वाक्यात, त्याच स्वल्पविरामापाशी.
मी गप्प राहिलो.
आजोबा माझ्याच संगणकातला होता.

काल दिवेलागणीला दीक्षिता आली,
म्हाबळूची धाकटी.
पुण्याच्या कॉलेजला पाठवायचाय, म्हणाली,
मराठीत चालतो, पाचशे शब्द,
हे सहाशे बारा झालेत.

मी टाइप करत गेलो.
तिसऱ्या परिच्छेदात बोटं अडखळली.

बाबांनी त्या वर्षी पावणीत मानस घेतली होती.
(मानस म्हणजे मन नव्हे, मी म्हटलं,
पुण्याला कसं कळणार? कंस घाल.
अकरा शब्द गेले.)
ओहोटीला दार उघडून जाळं लावायचं,
भरती वळायच्या आत फळ्या टाकायच्या.
वेळा वहीत उतरवायचं काम माझं.
त्या रात्री मी दुसऱ्या दिवसाची ओळ उतरवली.
पाऊण तासाचा फरक.
खारं पाणी एस्तेलिनबायच्या शेतात शिरलं,
भात पोटरीला आलं होतं.
गाव जमला तेव्हा बाबा म्हणाले,
माझा डोळा लागला.

पंखा फिरत होता. पलीकडून फेरीबोटीचा भोंगा.
तीन वर्षं त्याला आम्ही झोपाळू म्हाबळू म्हणतो.
बोटीवर, बारशाला, देवळात आरतीच्या रांगेत.
'म्हाबळू, जागा आहेस ना?'
हे पहिल्यांदा कोण म्हणालं
ते मला आठवतं.
मला न आठवून कसं चालेल?

आम्ही कापायला बसलो.
दहावीची टक्केवारी तिनं स्वतःच काढली,
विज्ञान प्रदर्शनाचं पदकही.
'या प्रसंगाने मला बरेच काही शिकवले' मी काढलं,
ती हसली, बरं झालं म्हणाली.
एस्तेलिनबायनं त्या नाताळातही
नेवऱ्यांचं ताट पाठवलं होतं,
ते वाक्य दोनदा काढलं, दोनदा परत घातलं.
फळ्यांचं लाकूड गेलं. चंद्र गेला.
चंद्र चांगला होता, पण गेला.

रात्री साडेनऊला आकडा आला पाचशे एक.
मी पडद्यावर बोट ठेवलं:
'माझ्या चुकीमुळे पाणी खूप आत शिरलं.'
इथलं 'माझ्या' काढू, अर्थ तोच राहतो.

तिनं वाक्य वाचलं, त्या शब्दाशिवाय.
चुकीमुळे पाणी खूप आत शिरलं.
बेवारस चूक, तिची तिची पोहत आलेली.
'काडूं नाका,' ती म्हणाली.
मग माझ्या हाताखालून माऊस ओढून
तिनं 'खूप' खोडलं.

पैसे मी घेतले. वीस गुणिले दोन.
न घेणं हा माझा निबंध झाला असता.

आज सकाळी म्हाबळू आला,
आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला.
लेकीनं काय लिहिलंय, त्याला ठाऊक नव्हतं,
किंवा असेलही. त्याच्या चेहऱ्यावर
कधीच काही लिहिलेलं नसतं.
बाकावर दोघे बसले होते बोटीची वाट बघत,
त्यातल्या एकानं नेहमीसारखी हाक टाकली,
आणि मग सवयीनं माझ्याकडे पाहिलं,
पुढचं मी म्हणायचं असतं म्हणून.

मशीन गरम व्हायला वेळ घेत होतं.
मी विचारलं, म्हाबळू,
आज भरती कितीला?

चार वाजून दहा, तो म्हणाला,
वहीत न बघता.